दारात गोल, घरात चौकोनी

मी एक चष्मा बोलतोय. गोल, तपकिरी काड्यांचा. तुम्ही मला पाहिलंय, आणि बहुतेक मला हसलाही आहात. संध्याकाळच्या त्या मालिकेत आजी दार उघडते तेव्हा तिच्या नाकावर मी असतो. ती "ये, आत ये" म्हणून मागे वळते, तेव्हा तिथे एक काळा चौकोनी चष्मा असतो. दार आणि सोफा यांच्या मधल्या चार पावलांत आजीने चष्मा कधी बदलला, असं विचारत लोकांनी ते दृश्य एकमेकांना पाठवलं. कुणी त्याला गाणं जोडलं, कुणी आमच्या दोघांभोवती लाल गोल काढले. तोंड लपवावंसं वाटलं, पण चष्म्याची जागाच मुळी तोंडावर.

जन्माने मी काही मोठा नाही. चष्म्याच्या दुकानात मांडणीवर नमुन्यासाठी ठेवलेला, साध्या काचांचा, बिननंबरी. माझ्या शेजारचे एकेक करून कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांना लागले. मला मात्र गिऱ्हाईक लावून बघायचं, आरशात मान वळवायचं आणि परत ठेवायचं. मग एक दिवस शूटिंगच्या वस्तू सांभाळणारा प्रॉपर्टीवाला आला. "नंबर नकोच," तो म्हणाला, "आजीला शोभला की झालं."

अशा मला बाई मिळाल्या. आजीचं काम करणाऱ्या नटीला सेटवर लहानथोर सगळे बाईच म्हणायचे. मला वाटलं होतं, आपण नुसते नाकावर बसून राहणार. पण बाईंनी मला कामाला लावलं. राग दाखवायचा असला की त्या मला काढून घडी घालायच्या. आधी एक काडी, सावकाश दुसरी काडी. तेवढ्यात समोरच्या नटाला खरोखरचा घाम फुटायचा. खोटं बोलणाऱ्या सुनेकडे त्या माझ्या वरच्या कडेवरून बघायच्या. नंबर नसल्याचं दुःख मी तेव्हा विसरून गेलो.

सेटवर माझ्यावर डोळा ठेवायला एक मुलगी होती. तिला सगळे दुर्बीण म्हणायचे. मालिकेतला एक प्रसंग सलग कधीच चित्रित होत नाही. दार उघडणं आज, आत येणं उद्या, मधला चेहरा परवा. पण घरी बघणाऱ्याला ते एका दमात घडल्यासारखं वाटलं पाहिजे. म्हणून कप किती भरलेला होता, शाल कुठल्या खांद्यावर होती, चष्मा नाकावर होता की हातात, हे सगळं दुर्बीण लक्षात ठेवायची, प्रत्येक शॉटनंतर फोटो काढायची. बाईंच्याच शब्दावर तिला हे काम लागलं होतं. सुरुवातीला बाईच तिला पकडायच्या. "अगं, मघाशी मी डाव्या हाताने दार लावलं होतं. तुझा फोटो बघ." ती बघायची, आणि बाईंचंच खरं निघायचं.

एका संध्याकाळी बाई मला नाकावरच घेऊन घरी गेल्या. गाडीत कळलं नाही, जिना चढतानाही नाही. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं आणि ते हसायलाच लागले.

"आज आजीच घरी आली वाटतं. माझी बायको कुठे ठेवलीस?"

बाईंनी नाकाला हात लावला. "अगं बाई, हा कसा आला?"

यजमान औषधांच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. पट्ट्यावरून बाटल्या सरकत जायच्या आणि तडा गेलेली बाटली त्यांनी उचलून बाजूला करायची, हे त्यांनी उभा जन्म केलं. ती नजर घरीही सुटली नव्हती. लग्नाआधी दोघं सिनेमाला जायची तेव्हापासून त्यांचा एक खेळ होता. पडद्यावरची चूक जो आधी पकडेल तो जिंकला, आणि लग्नानंतर हरेल त्याने रात्रीची भांडी घासायची. राजाच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा, रडून उठलेल्या नायिकेचं कोरडं काजळ, एका खोलीत पाऊस आणि शेजारच्या खिडकीत ऊन. थिएटरात पुढच्या रांगेतले लोक वळून "गप्प बसा हो" म्हणायचे, आणि ही दोघं तोंडात रुमाल कोंबून हसायची. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं, टीव्हीशेजारच्या फळीवर बसून.

मी घरी होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सेटवर धावपळ उडाली. प्रॉपर्टीवाल्याने पेटीतून तो काळा चौकोनी काढला. पुढचं सगळं मला नंतर पेटीत त्या चौकोन्यानेच सांगितलं. दुर्बीण म्हणाली, "काल दारात गोल होता. सोफ्यावरचा शॉट उद्या घेऊ या ना."

दिग्दर्शक घड्याळ बघत होता. "वेळ नाही. कोण बघतंय एवढं?"

सगळेच बघत होते. आणि सगळ्यांच्या आधी बाईंचे यजमान.

"भांडी तुझी," तो भाग टीव्हीवर लागताच त्यांनी टाळी वाजवली. "चष्मा बदलला. दारात गोल, घरात चौकोनी."

बाई हसल्या, पण जरा उशिराने. विनोद समजला नाही की माणूस इतरांकडे बघून हसतो, तशा.

त्यानंतर मी बऱ्याचदा घरी गेलो, कधी नाकावर, कधी पर्समध्ये. दुर्बीण दिवसअखेर पॅकअपला विचारायची, "बाई, चष्मा?" बाई म्हणायच्या, "दिला की मघाशी." यजमान जिंकत राहिले. शाल खांदा बदलत होती. एका भागात आजीने पाकीट फोडण्याआधीच पत्रातली बातमी सांगून टाकली. एकदा तर तिने धाकट्या नातवाला थोरल्याच्या नावाने जवळ घेतलं. त्या दिवशी यजमान टाळी वाजवायला हात उचलून तसेच थांबले. हात हळूच मांडीवर ठेवले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. आजचा भाग छान झाला."

जेवणं झाल्यावर ते उठले आणि त्यांनीच भांडी घासायला घेतली. बाई टीव्हीसमोर बसून राहिल्या. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. तडा गेलेली बाटली ओळखणारा माणूस तो. त्याला काय दिसलं, ते मला कळलं, आणि मी तिथे फळीवर मिरवत बसलो होतो याची मला लाज वाटली. आपण म्हणजे त्या तड्याचा पुरावाच होतो.

सेटवरही काही बरं चाललं नव्हतं. दुर्बिणीने एकदा शॉट थांबवून सांगितलं, "बाई, चष्मा काढून मग 'निघून जा' म्हणायचंय." बाई सगळ्यांदेखत कडाडल्या, "आता तू मला शिकवणार?" ती मुलगी गोरीमोरी झाली. मग तिने थांबवायचं सोडलं. शॉट सुरू व्हायच्या आधी बाईंच्या जवळ जाऊन ती हळू आवाजात सांगायची, "उजव्या हातात, बाई. नाकावर नाही." बाई मान डोलवायच्या आणि विसरायच्या.

मग ते लाल गोलांचं प्रकरण झालं. मालिकेच्या सगळ्या चुका एकापुढे एक जोडून कुणीतरी लोकांपुढे ठेवल्या, आणि त्यात पहिला नंबर माझा. माझ्या आयुष्यात मला मिळालेला तो एकमेव नंबर.

दिग्दर्शकाला वरून फोन आला असावा. तो सेटवर आला तेव्हाच तापलेला होता. नेमकं तेव्हाच प्रॉपर्टीवाला म्हणाला, "आजीचा चष्मा आजही पेटीत नाही."

दिग्दर्शकाने दुर्बिणीला सगळ्यांच्या मधोमध उभं केलं. "काल पॅकअपला चष्मा परत घेतला होतास?"

तिने मान खाली घातली.

"सगळं गाव हसतंय आपल्याला. तुला काम एकच आहे. बघायचं. तेवढंही जमत नाही?"

दिव्यांवरची माणसं, मेकअपवाली, चहा आणणारा, सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. दुर्बिणीने एकदा बाईंकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. ती बोलली असती तर एका वाक्यात सुटली असती. पण ती गप्प राहिली.

बाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना रुमाल हवा होता म्हणून त्यांनी पर्स उघडली. आत मी होतो, अर्धवट लागलेल्या चेनच्या फटीतून हे सगळं बघत. आमची नजरानजर झाली म्हटलं तरी चालेल. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी इतक्या जवळून पाहिला, की दिसला नसता तर बरं झालं असतं. बाहेर आवाज चढत होता. बाईंनी मला बघितलं आणि पर्सची चेन लावून टाकली.

आतल्या अंधारात मला पुढचं ऐकू आलं. "उद्यापासून येऊ नकोस."

घरी आल्यावर बाईंनी चप्पलही काढली नाही. पर्स उघडली आणि मला यजमानांच्या समोर टेबलावर ठेवलं.

"हा माझ्याकडेच होता. तिथे त्या पोरीला काढून टाकलं. माझ्यासमोर. आणि मी चेन लावली."

यजमानांनी मला हळूच बाजूला सरकवलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

"हो."

"साऱ्या जगाच्या चुका शोधत बसता. माझी तेवढी लपवलीत?"

"ती चूक असती तर मीच पहिला ओरडलो असतो," यजमान म्हणाले. "ती चूक नाहीये गं. म्हणून मला बोलता आलं नाही. आणि मी बोललो नाही म्हणून त्या मुलीला भोगावं लागलं. ती लाज माझी आहे. तू एकटीने नको घेऊस."

बाई खाली बसल्या. यजमानांनी वाकून त्यांच्या चपलांचे पट्टे सोडले.

दुसऱ्या दिवशी दोघं बरोबर सेटवर गेली. चहाची वेळ होती. दिग्दर्शक "बाई, आत बसून बोलू या" म्हणाला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"तिला तू सगळ्यांसमोर बोललास ना? मग मीही सगळ्यांसमोर सांगते." त्यांनी मला सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "चष्मा मी घरी नेत होते. मला आठवत नाही. शालही, पत्रही, नातवाचं नावसुद्धा. ती मला रोज सांगत होती, मीच तिच्यावर खेकसत होते. आणि काल हा माझ्या पर्समध्ये होता. मला दिसला, तरी मी बोलले नाही. ते मात्र विसरणं नव्हतं. त्याची मला लाज वाटते."

दिग्दर्शकाने चहाचा कप खाली ठेवला. मग तो म्हणाला, "त्या दिवशी चौकोनी चालेल, असं मीच म्हणालो होतो." आणि फोन करायला बाहेर गेला.

दुर्बीण परत आली. पण सिनेमात येतात तशी हसत धावत नाही. बाईंच्या पाया पडू की नको, अशी दारात उभी राहिली. "मी आधीच कुणाला तरी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला कसं वाटेल म्हणून..." बाईंनी तिचा हात धरला, आणि बराच वेळ दोघींना एकमेकींकडे बघता आलं नाही.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मालिकेत आजी दूरच्या लेकीकडे राहायला जाणार, असं ठरलं. शेवटच्या प्रसंगात बाईंनी चष्मा घालूनच निघायचं, उंबऱ्यात थांबायचं, मागे वळून घराकडे बघायचं आणि जायचं होतं. पहिला शॉट नीट झाला. मग कॅमेरा जवळ आणून तेच पुन्हा. बाई उंबऱ्यात थांबल्या, वळल्या, आणि त्यांनी मला काढलं. एक काडी मिटली, सावकाश दुसरी मिटली. डोळे भरलेले. घराकडे बघत होत्या की आम्हा सगळ्यांकडे, ते मला सांगता येणार नाही.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. मग विचारलं, "कंटिन्युइटी? मागच्या शॉटशी जुळतंय?"

आधीच्या शॉटमध्ये मी नाकावर होतो, या शॉटमध्ये हातात. दुर्बिणीच्या मांडीवर तो फोटो उघडा होता. तिने फोटोकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"ओके," ती म्हणाली.

तो भाग लागला आणि लोकांनी चूक पकडली. पुन्हा लाल गोल, पुन्हा हसणं. पकडली ते बरोबरच होतं. चूक होतीच ती.

आता मी बाईंच्या घरी असतो. प्रॉपर्टीवाल्याने मला परत मागितलं नाही. बाई सकाळी पेपर घेऊन बसतात आणि नंबरचा चष्मा बाजूला ठेवून मला चढवतात. माझ्यातून त्यांना एक अक्षर दिसत नसणार. यजमान शेजारी बसून बातम्या वाचून दाखवतात. वाचता वाचता एखादा शब्द मुद्दाम चुकीचा वाचतात आणि थांबून वाट बघतात. कधी बाईंच्या लक्षात येतं, कधी येत नाही. लक्षात आलं नाही की मला कानकोंडं होतं. आपल्यात थोडा जरी नंबर असता तर, असं वाटत राहतं.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. चुका शोधा, त्यात मजा आहे, या घराने त्या मजेवर संसार केला. माझ्यावर हसा, मला त्याची सवय झाली आहे. फक्त हसून झालं की तेच दृश्य पुन्हा एकदा लावा. आणि त्या वेळी चष्म्याकडे बघू नका. चष्म्यामागे कोण आहे, ते बघा.