बजाबाईच्या पलंगावरचा उजेड

एसटीतून रिटायर झाल्यावर धोंडीरामनं एक जुनी मिनीबस घेतली. बाकडी काढून पलंग बसवला, गॅसची शेगडी ठेवली, छताला दोन लहान ट्यूब लावल्या. बजाबाईनं लगेच ओवी जुळवली होती,

चाकावरी घर माजं, न्हाई उंबरा न्हाई शीव
जितं थांबंल माजा धनी, तितं टेकंल माजा जीव

परतीच्या वाटेवर, मोडनिंबच्या अलीकडं ती त्याच पलंगावर झोपेतच गेली. धोंडीराम स्टेअरिंगवर होता. त्याला वाटलं, डोळा लागलाय. सोलापुरात दारात गाडी लावून त्यानं हाक मारली, तेव्हा कळलं.

जिथं जीव गेला, तिथला दिवा दहाव्यापर्यंत विझू द्यायचा नाही. पण उशाशी गॅसची टाकी. म्हणून लेक वैजयंती म्हणाली, "आबा, समई नको. ट्यूबच चालू ठेवू."

आणि दोन-तीन दिवसांतच ट्यूब मंदावल्या होत्या. धोंडीराम सकाळ-संध्याकाळ इंजिन चालू करून बॅटरी भरायचा. टोकं काळी पडलेल्या ट्यूब काढून त्यानं एकेक करत नव्या लावल्या. उजेड तसाच, आजारी. दिवेलागणीला त्यानं गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या सिद्धप्पाला बोलावलं.

सिद्धप्पानं मीटर लावला. "मामा, बॅटरी चांगली हाय. वर मात्र करंट पोचंना. टाकीत पाणी लई, पर पाइपात गंज." खाली वाकून त्यानं चॅसीवरचा, गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरचा तांबेरलेला जोड दाखवला. "वायर सोडून घासावं लागंल."

"म्हंजे अंधार?"

"थोडा वेळ."

"न्हाय. तिच्या जाग्यावर अंधार करायचा न्हाय."

"मग काय, चालत्या गाडीचं चाक बदलू म्हंता?"

वैजयंती पुढं झाली. "मी मोबाइल धरते आबा. उजेड मोडायचा नाही." ज्योत जपावी तसा मोबाइलचा उजळलेला पडदा ओंजळीत धरून ती उशाशी उभी राहिली.

सिद्धप्पानं जोड घासला, नट आवळला. ट्यूब फडफडल्या आणि लख्ख पेटल्या.

"आता सुई पडली तरी दिसंल, मामा."

धोंडीरामला पलंग दिसला. इतके दिवस अंधूक उजेडात तिथं तशीच पडलेल्या तिच्या गोधडीचा उंचवटा कुशीवर झोपलेल्या माणसासारखा वाटायचा. आता त्याच्या सुरकुत्या दिसत होत्या, खालची रिकामी गादी दिसत होती.

"सिद्धप्पा, पयल्यावानी करतोस का?"

"मंद?"

"व्हय."

सिद्धप्पानं वैजयंतीकडं बघितलं. तिनं होकारार्थी मान डोलावली. त्यानं दोनातली एक ट्यूब उतरवली.

गोधडीवर सावली परत आली. धोंडीराम पलंगाच्या कडेला बसला. तिला जागा सोडून, अंग चोरून.