दहापैकी नऊ

म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं म्हातारपण मोजणं, ही माझी नोकरी. हाताची पकड किती, चार मीटर चालायला किती सेकंद, दहा शब्द वाचून दाखवले तर पाच मिनिटांनी किती आठवतात. दर दोन वर्षांनी आम्ही पुण्यातल्या त्याच बाराशे वृद्धांकडे परत जातो आणि कोण किती घसरलं ते नोंदवतो.

कोथरूडचे सबनीस सर मी यादीतून मागून घेतले होते. शाळेत त्यांनी मला तीन वर्षं गणित शिकवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना चारच शब्द आठवले. पाचव्याला अडले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, की मला फळ्यापुढे उभी असलेली मीच आठवले. मी पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर सांगितलं, मग त्याच्या पुढच्याचं. फॉर्मवर नऊ लिहिले. दहा दिले असते तर सरांनाच संशय आला असता. ज्यांनी मला काठावर पास केलं, त्यांना नापास करणारी मी कोण टिकोजीराव?

परवा पुन्हा गेले. सरांच्या पत्नी, काकू, आता अंथरुणाला खिळल्या आहेत, पक्षाघाताने बोलणंही जड झालंय. मी दहा शब्द वाचले. मधल्या पाच मिनिटांत सरांनी घड्याळ बघून काकूंना इन्सुलिन दिलं. हात जराही हलला नाही. मला फार बरं वाटलं.

मग मी शब्द विचारले. कुठले शब्द, असं त्यांनी मलाच विचारलं. मला वाटलं, थट्टा करताहेत. तेवढ्यात ते घड्याळाकडे पाहून उठले.

"थांब हं कल्याणी, हिचं इंजेक्शन राहिलंय."

काकूंचा डावा हात मुकाट्याने उशीखाली गेला आणि साखरेची पुडी घेऊन बाहेर आला. मी सरांच्या हातातून इन्सुलिनची बाटली काढून घेतली. त्यांनी मला उद्धट म्हटलं आणि रागावून खुर्चीत जाऊन बसले.

काकू अडखळत सांगत होत्या. रोज नाही होत असं. झालं की त्या साखर खातात. बोलून दाखवलं तर सरांना अपमान वाटतो.

"झोपेत दिलं तर मात्र कळत नाही गं," त्या म्हणाल्या.

गॅलरीत जाऊन मी त्यांच्या मुलाला, सलिलला, बंगळुरूला फोन लावला. त्याला पटेना. गेल्या वर्षी तो काकूंसाठी दिवसरात्रीची नर्स ठेवणारच होता, पण मीच सांभाळेन म्हणत सरांनी आमच्या अहवालाची प्रत पुढे केली. स्मरणशक्ती दहापैकी नऊ. खाली माझी सही.

"ते नऊ मी दिले होते," मी म्हणाले. "खरे चार होते."

आज रात्रीच निघतो, मी पोचेपर्यंत आईजवळून हलू नका, एवढं तो म्हणाला. मग अगदी शांतपणे विचारलं, "अशी आणखी किती घरं आहेत?"

सरांनंतर मला पहिलं अक्षर सांगायची सवयच लागली होती. कुणाचा चेहरा पडलेला मला बघवायचा नाही. बाटली मुठीत धरून मी मनातल्या मनात मोजायला लागले. नुसत्या कोथरूडमध्येच आकडा वीसच्या पुढे गेला.