कोऱ्या कागदावरचं रक्त

“रक्त! अहो, रक्त आलं बघा!”

शिवणकाका असे ओरडले की शेजारच्या कुलूपवाल्याकडची गिऱ्हाइकंसुद्धा हातातलं टाकून आमच्या छापखान्यात घुसली. दारात रेटारेटी. जो तो टाचा उंचावून बघत होता. कटिंग मशीनसमोरच्या लांब टेबलावर पाच कोरे कागद ओळीनं मांडले होते आणि प्रत्येक कागदावर एकेका मांजराच्या अंगावरून विंचरून पाडलेला केसकचरा होता. फुंकरबाबांनी आधी प्रत्येकावर फुंकर मारली, मग बाटलीतलं पाणी शिंपडलं. चार कागद नुसते ओले झाले. पाचव्यावर मात्र काळ्या कणांभोवती तांबडी वर्तुळं पसरायला लागली.

“साधं पाणी आहे,” असं म्हणून बाबांनी त्याच बाटलीतला एक घोट स्वतः घेतला. “मी काही केलेलं नाही. हे जनावर बोलतंय. ह्याच्या अंगात तुमचं रक्त आहे, तुमच्या सगळ्यांचं! पिसवा काय, निमित्तमात्र. पीडा पाठवणारा वेगळा, पोचवणारा वेगळा आणि जिच्या पायानं ती आत आली ती तिसरीच.”

पाठवणारा, पोचवणारा, तिसरी! टपालखात्यातसुद्धा एवढी माणसं लागत नाहीत. पण हसलं कोणी नाही. कारण पाचवं मांजर होतं रद्दी, आणि रद्दी होतं घडीताईचं. बाबांनी डोळे मिटले, नाकानं लांब श्वास ओढला आणि विचारलं, “इथं सगळ्यांत शेवटी कामाला कोण लागलं?” सगळ्या माना एकदम तिच्याकडे वळल्या.

आता जरा आमच्या छापखान्याबद्दल सांगते. पुढं छपाई, मागं बाइंडिंग. बाइंडिंगला खळ लागते, खळीला उंदीर लागतात, म्हणून उंदरांना मांजरं. टेबलं पाच, मांजरं पाच आणि नियम एकच: ज्याचं टेबल त्याचं मांजर. दुसऱ्याच्या मांजराला कोणी खायला घालायचं नाही, की उचलायचं नाही. शिवणकाकांचं सुतळी, मशीनवाल्याचं शाई, माझं डिंक, मालकांचं म्हातारं पुठ्ठा. घडीताई छापलेल्या कागदांच्या घड्या घालायची. वर्षभरापूर्वी ती लागली तेव्हा कातरणाच्या ढिगात एक हडकलेलं पिल्लू सापडलं, ते तिच्या वाट्याला आलं. नाव ठेवलं रद्दी. घरी ती आणि शाळेत जाणारी मुलगी, दोघीच. ज्या दिवशी हात चालले त्या दिवशीचा पगार.

पिसवा झाल्या तेव्हा आम्ही काय केलं? प्रत्येकानं आपापलं मांजर धुतलं. शिवणकाकांनी सोमवारी, मशीनवाल्यानं शुक्रवारी, मी मला सवड झाली तेव्हा. एकाच्या अंगावरच्या पिसवा दुसऱ्याच्या अंगावर मुक्काम करून चार दिवसांत परत येत होत्या. त्यांना टेबलांचा नियम कोणी सांगितला नव्हता ना! आणि पाचही मांजरं झोपायची कुठं, तर कोपऱ्यातल्या कातरणाच्या ढिगावर. तो ढीग महिना महिना हलत नसे. आमचे घोटे चावून चावून लाल झाले, गिऱ्हाईक खाजवत बाहेर पडायला लागलं, तेव्हा मालकांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून फुंकरबाबांना बोलावलं.

बाबांचा निकाल असा लागला: रद्दीला पोत्यात घालून पुलापलीकडं सोडायचं. घडीताईनं चाळीस दिवस उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. बाकीच्या चार मांजरांना बाबांच्या पुडीतली राख चोळायची. “अंग थरथरलं तर घाबरू नका,” बाबा जाता जाता म्हणाले, “पीडा बाहेर पडताना थरथरतंच.”

“मालक, माझं मांजर तुमच्या मांजरांसारखंच आहे हो,” घडीताई म्हणाली. “बाबांनी फणी फिरवली तेव्हा मी बघत होते, त्यांनी माझ्या मांजराला…”

“आधी पीडा आणायची आणि वर तोंड चालवायचं!” शिवणकाकांनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. त्यांनीच रद्दीला मानगुटीला धरून पोत्यात कोंबलं. घडीताईनं एकदा मालकांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि चपला घालून निघून गेली. मी “पुलाकडं मी जाते” अशी थाप मारून पोतं हातात घेतलं आणि सरळ तिच्या घरी नेऊन दिलं. त्या वेळी मला वाटलं, केवढं मोठं काम केलं मी. डोंबल!

तिसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठा मालकांच्या खुर्चीखाली पडलेलं दिसलं. पाय ताठ, तोंडाला फेस, सगळं अंग थडथड उडत होतं.

“राहू दे, राहू दे,” मालक म्हणाले. “बाबा म्हणाले होते ना, थरथरेल म्हणून.”

“बाबा म्हणाले होते, कारण बाबांना माहीत होतं!” मी ओरडले. पुठ्ठ्याला कागदाच्या खोक्यात घातलं आणि जनावरांच्या दवाखान्याकडं पळाले.

डॉक्टरीणबाईंनी नुसता वास घेतला आणि त्यांचं तोंड कडू झालं. “ही गुरांच्या गोचिडांची पावडर आहे. राखेत कालवलीय. गाईबैलाला चालते, मांजराला हे विष आहे. त्यात मांजर अंग चाटतं, म्हणजे तुम्ही चोळलंत ते त्यानं खाल्लं.” बोलता बोलताच त्यांनी भांडी घासायचा साबण घेऊन पुठ्ठ्याला कोमट पाण्यानं धुतलं, सुई टोचली. बाकीच्या तिघांनाही आणायला लावलं. ती तिघं वाचली. पुठ्ठा म्हातारं होतं. दुपारी मालक आले तेव्हा त्याचं उडणं थांबलं होतं.

मालक त्या खोक्यावर हात ठेवून बसले. मग म्हणाले, “पण रक्त? ते तर आम्ही डोळ्यांनी बघितलं.”

डॉक्टरीणबाईंनी कापूस भिजवला, दुसऱ्या कोणाच्या तरी मांजराच्या शेपटीच्या बुडातले दोन काळे कण त्यावर ठेवले. कण विरघळले, कापूस तांबडा झाला. “ही पिसवांची विष्ठा. पिसू रक्त पिते आणि त्यातलंच बरंचसं वाळक्या कणांच्या रूपानं बाहेर टाकते. पाणी लागलं की ते परत लाल दिसतं. पिसवा आहेत की नाही हे ओळखायला आम्ही रोज हेच करतो. ह्यात फुंकर कशाला लागते?”

“मग बाकीच्या चार कागदांवर का नाही आलं?”

“ते मला नाही सांगता यायचं. मी तिथं नव्हते. जे होते त्यांना विचारा.”

जे होते! आम्ही वीस जण होतो. वीस जणांनी कागद बघितले, हात एकीनंच बघितला होता. मी संध्याकाळी घडीताईच्या घरी गेले. ती मुलीचं डोकं मांडीवर घेऊन उवा काढत होती. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिनं हातातली फणी माझ्यापुढं धरली.

“ही बघा. एका बाजूचे दात विरळ, दुसऱ्या बाजूचे दाट. गुंता काढायचा तर विरळ बाजू, उवा काढायच्या तर दाट. हे कुठल्याही आईला सांगावं लागत नाही. त्या मेल्यानं तुमच्या चौघांच्या मांजरांना मानेवरून विरळ बाजू फिरवली. माझ्या रद्दीची पाळी आली तेव्हा फणी उलटी केली आणि शेपटीच्या बुडाशी खरवडलं. तेच सांगत होते मी. ऐकतंय कोण?”

फणीची गोष्ट मी मालकांना सांगितली, रद्दी पुलापलीकडं नाही हेही सांगितलं. आठ दिवसांनी बाबा दुसरी पुडी घेऊन हजर झाले, तेव्हा मालकांनी घडीताईलाही बोलावून घेतलं होतं. बघ्यांची गर्दी मागच्याहून जास्त. पुठ्ठा गेल्याचं कळल्यावर बाबांनी छातीवर हात ठेवला. “भाग्यवान आहात मालक! त्या मुक्या जिवानं तुमची पीडा आपल्या अंगावर घेतली.”

माझ्या मस्तकात तिडीक गेली. ज्याला ह्यानं मारलं त्याच्याच मरणाचा हा मोठेपणा मिरवत होता!  मालक पुढं झाले, बाबांच्या हातातली फणी काढून घेतली आणि दारात उभ्या असलेल्या घडीताईला दिली. रद्दी तिच्या काखेत होतं.

“ही फणी परक्या हाताला चालत नाही!” बाबा गरजले.

“मांजराच्या अंगावर चालली म्हणजे झालं,” घडीताई म्हणाली.

तिनं रद्दीला टेबलावर ठेवलं, विरळ बाजूनं मान विंचरली, कचरा कागदावर झाडला, पाणी शिंपडलं. कागद ओला झाला, बस. मग फणी सगळ्यांना दिसेल अशी उलटी केली आणि शिवणकाकांचं सुतळी पुढं ओढलं. डॉक्टरीणबाईंनी त्या तिघांना धुऊन आठ दिवस झाले होते. विष उतरेपर्यंत दुसरं औषध नको म्हणाल्या होत्या. तेवढ्यात कातरणातल्या नव्या पिसवांनी परत घर केलं होतं. दाट दात शेपटीच्या बुडाशी फिरले. कागद तांबडा. शाई, तांबडा. माझं डिंक, सगळ्यांत तांबडा.

“बघा, बघा! पीडा पसरली!” बाबांनी बाजू सावरायचा प्रयत्न केला.

“मग माझ्या मांजरातली कुठं गेली? तुम्हीच आत्ता कोरा कागद बघितलात.” घडीताईनं शेवटी दाट बाजूनं रद्दीला विंचरलं. तोही कागद तांबडा झाला. “माझ्या मांजराला पिसवा आहेत. नाही कोण म्हणतंय? तुमच्या मांजरांना आहेत तेवढ्याच आहेत.”

गर्दीतून कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. बाबा पिशवी आवरायला लागले, पण कुलूपवाला दार अडवून उभा होता. पुडी डॉक्टरीणबाईंनी आधीच तपासायला पाठवली होती, आणि त्यांची तक्रार घेऊन पोलीस यायचे होते. बाबांची फुंकर त्यानंतर काही ऐकू आली नाही.

“उद्यापासून ये कामावर,” मालक खाली बघत म्हणाले. “घरी बसलीस तेवढ्या दिवसांचा पगारही घे.”

“घेईन की. तो माझाच आहे,” घडीताई म्हणाली. “पण मला एक सांगा, त्यानं डोळे मिटून ओळखलं कसं, शेवटी मीच लागले म्हणून?”

आणि इथं मला ते सांगावं लागतं जे मी एवढा वेळ तुमच्यापासूनही लपवलं. बाबांनी काही ओळखलं नव्हतं. त्या दिवशी कागद मांडायच्या आधी मालकांच्या खोलीत चहा पिताना त्यांनी विचारलं होतं, “नवीन कोण आहे? एकटं कोण आहे? कोणाच्या मागं कोणी नाही?” मालकांनी सरळपणे उत्तर दिलं. बाबांनी पीडा शोधली नाही, जिच्या बाजूनं कोणी भांडणार नाही अशी बाई शोधली. पडद्याच्या अलीकडं मी प्रुफं तपासत होते. शब्द न् शब्द मला ऐकू आला होता.

हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. घडीताई माझ्याकडं वळली.

“म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?”

“हो.”

“शिवणकाकांना खरंच पीडा वाटली, म्हणून त्यांनी मांजर पोत्यात घातलं. तुम्हाला तर खोटं आहे हे माहीत होतं. मग?”

 वीस वर्षं मी लोकांच्या चुका काढून पोट भरते आणि त्या दिवशी डोळ्यांसमोरची चूक मी तशीच जाऊ दिली. शिवणकाकांनी दुसऱ्या दिवशी तिची माफी मागितली, रडले. तिनं त्यांना माफ केलं. माझ्याशी ती कामापुरतं बोलते.

पिसवा गेल्या. त्याला लागलं ते असं: कातरणाचा ढीग बाबा गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी हलवला आणि आता रोज हलतो. पिसवांची अंडी मांजराच्या अंगावरून गळून अशाच ढिगात वाढतात. मांजरांच्या गोणपाटांना उकळतं पाणी, फटीफटीतून केरसुणी, दाट फणी आणि विंचरलेल्या पिसवा बुडवायला साबणाच्या पाण्याचा वाडगा. डॉक्टरीणबाईंनी वजन बघून मांजरांसाठीचंच औषध दिलं. चारही मांजरांना एकाच दिवशी, तीन महिने न चुकता. ते बाबांच्या एका पुडीहून स्वस्त पडलं. कोणाचं मांजर कोणी धरलं ते आम्ही बघितलं नाही.

तेव्हा तुमच्या घरात चार मांजरं असोत नाहीतर आठ, कोणी चमत्कार दाखवायला लागला तर कागदाकडं बघू नका, त्याच्या हाताकडं बघा. तो ज्याच्याकडं बोट दाखवतो त्याला बोलू द्या, पुरं बोलू द्या. आणि तुमचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही म्हणून स्वतःचं कौतुक करत कोपऱ्यात बसू नका. माझाही नव्हता. त्याचा घडीताईला काडीचा उपयोग झाला नाही.