देऊळघाटचा ग्लोव्ह आणि नांदुऱ्याच्या टाळ्या

मित्रांनो, बेसबॉलमध्ये बॅटवाल्याच्या मागे जो उकिडवा बसतो, त्याला कॅचर म्हणतात. त्याच्या हातातला जाडजूड चामडी ग्लोव्ह म्हणजे मी. आता पुष्कळ जुना झालो आहे.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. तिथून देऊळघाटच्या शाळेत आलो आणि दोन वर्षं मैदान आखायच्या फक्कीच्या पोत्यामागे पडून राहिलो, कारण हा खेळ तिथे कुणालाच येत नव्हता. मग निवृत्ती सरांनी मुलींचा संघ काढला आणि मी मंजुश्रीच्या हाती आलो. हात घालण्याआधी तिने मला जमिनीवर चांगलं आपटलं. आत विंचू असेल, अशी तिला शंका! पोरगी मोठी संशयी होती. पण कॅचरला ते शोभतं. कोण कुठून पळणार, हे तिला आधीच कळायचं.

पहिल्याच वर्षी आम्ही जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यात पोहोचलो. सामने नांदुऱ्याला होते आणि समोर मागच्या वर्षीचा विजेता संघ होता. आम्हाला कोण विचारतो? पण काय आश्चर्य! नांदुऱ्याची सगळी माणसं "देऊळघाट! देऊळघाट!" म्हणून ओरडू लागली. टाळ्या ऐकून मी नुसता फुगलो. मंजुश्री मात्र फुगली नाही.

"सर, हे लोक काऊन आपल्यासाठी वरडून राह्यले? आपलं कोन हाये इथं?"

"अवं, लहान टीमले समदेच चढोतात," सर म्हणाले.

"मले नाही पटत."

सगळ्यांत मोठा आवाज पंजाबराव नावाच्या गृहस्थांचा होता. चेंडू फेकणारीला आपण करतो त्या बोटांच्या खुणा हा माणूस वाचतो की काय, म्हणून मंजुश्रीने मला गुडघ्यासमोर आडवं धरलं. आम्ही एका रनने जिंकलो. पंजाबरावांनी टोपी उडवली आणि शेजाऱ्याला म्हणाले, "बरं झालं! आता फायनल सोपी झाली आपल्याले."

मंजुश्रीने ते ऐकलं. मीही ऐकलं. माझा फुगा तिथेच फुटला.

दुपारी अंतिम सामना नांदुऱ्याशीच झाला. सकाळी टाळ्या वाजवणारे हात आता आमच्या चुकांवर वाजत होते. तरी शेवटच्या डावापर्यंत दोन्ही संघ बरोबरीत होते. पंजाबरावांची मुलगी काजल होमकडे, म्हणजे आम्ही बसलो होतो तिकडे, धावत सुटली. ती पोहोचली की नांदुरा जिंकणार होतं. चेंडू माझ्यात आला, मंजुश्रीने मला काजलच्या पायावर टेकवलं, धूळ उडाली. अंपायरने हात वर केला. आउट!

"बॉल सुटला होता!" काजल रडत ओरडली. "चोर हाये ते!" पंजाबराव गरजले.

मित्रांनो, काजल खरं बोलत होती. कुणी कधी तेल न लावलेली माझ्या बोटांमधली दोरी ऐन वेळी तुटली होती. चेंडू खाली पडला आणि मंजुश्रीने तो धुळीआडच परत माझ्यात दाबला. मला तोंड असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. मंजुश्रीने माझ्याकडे पाहिलं, मग ती अंपायरजवळ गेली.

"सुटला होता सर."

चेंडू सुटला तर आउट धरत नाहीत; अंपायरने निर्णय फिरवला आणि आम्ही हरलो. मग पंजाबराव आले. आता संशय त्यांच्या डोळ्यांत होता.

"काऊन सांगतलं, पोरी? कोनी शिकोलं तुले?"

"कोनी नाही. हे पाहा, दोरी तुटली."

त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. मग खाली बसून आपल्या बुटाची नाडी काढली आणि माझ्या बोटांत ओवली.

"नाव काय तुवं?"

"कायले पाह्यजे?"

"पुढच्या वर्षी नाव घेऊन वरडीन."

"अन् समोर काजल असली तं?"

पंजाबरावांनी नाडीची गाठ आवळली. "तं मंग काजलसाठीच वरडीन."

मंजुश्री त्या दिवशी पहिल्यांदा हसली. इतक्या टाळ्यांमध्ये तिला पटलेलं हे एकच वाक्य होतं.

मित्रांनो, खेळ संपला की आम्हाला कोपऱ्यात भिरकावू नका. चामड्याला तेल लावा, दोऱ्या ओढून पाहा. आमच्यावर खुशाल संशय घ्या, आम्हाला राग येत नाही. आणि कमजोर संघासाठी टाळ्या वाजवणार असाल तर जरूर वाजवा. फक्त तो तुमच्यासमोर उभा राहिला की कुणासाठी ओरडणार, ते पंजाबरावांसारखं आधीच सांगून टाका.