बातमी कुणी दिली?

नदीकाठच्या वस्तीत नळाच्या पाण्याला वास येतोय, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण त्या पाण्यात मैला सापडलाय आणि काविळीची मुलं रोज दाखल होताहेत, हे फक्त सरकारी दवाखान्यातल्या लोकांना माहीत होतं. तिथल्या एका नर्सची थोरली जाऊ गावातलं साप्ताहिक चालवायची. भाजी निवडता निवडता नर्सने जावेला सारं सांगून टाकलं.

नर्सचा नवरा त्याच साप्ताहिकाचा बातमीदार. त्याने बातमी लिहिली, पण वहिनीच्या टेबलावर ठेवताना म्हणाला, "वहिनी, नवा कायदा लक्षात आहे ना? लोकांच्या आरोग्याची, सुरक्षिततेची बातमी आधी माहिती कार्यालयातून मंजूर करून घ्यायची. आणि ती कुणी दिली, त्याचं नावही द्यायचं."

"आणि तसंच छापलं तर?"

"साप्ताहिक बंद. तुम्ही आत."

"बरं झालं, स्वयंपाकातून सुटले," ती हसून म्हणाली. पण कागद घेऊन स्वतःच कार्यालयात गेली.

मंजुरी देणारा अधिकारी ओळखीचाच होता. पूर्वी तो तिच्याकडे प्रुफं तपासायचा. शुद्धलेखनावरून सगळ्यांना भंडावून सोडायचा, म्हणून त्याला काना-मात्रा म्हणत. त्याने बातमी वाचली आणि सवयीने एक वेलांटी दुरुस्त केली.

"बातमी पक्की आहे, बाई. फक्त नाव घाला."

"नाव कळलं की तिची नोकरी जाईल."

"तिची?" त्याने मान वर केली.

बाईंनी जीभ चावली. त्या दवाखान्यात कामाला बायका अशा किती असणार? काना-मात्राने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मी काही ऐकलं नाही," तो हळूच म्हणाला. "पण नावाशिवाय शिक्का नाही. मलाही घरदार आहे."

घरी आल्यावर नर्स हटूनच बसली. "लिहा माझं नाव. त्या पोरांचे पिवळे डोळे मी रोज बघते."

"तुझं नाव लिहिलं, तर यापुढे मला कुणी काही सांगेल का?"

बातमीदार मध्ये सापडला. एकीकडे बायको, दुसरीकडे वहिनी. बाजू घ्यावी तरी कुणाची!

सकाळी बाई वस्तीत गेल्या, सगळ्यांदेखत सार्वजनिक नळावर बाटली भरून घेतली आणि बसने शहरातल्या खासगी प्रयोगशाळेत नेऊन दिली. अहवालात तेच आलं. त्यांनी त्यावरून बातमी नव्याने लिहिली आणि माहिती देणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव, पत्त्यासकट, घातलं.

काना-मात्राने ते दोनदा वाचलं. या वेळी चूक सापडली नाही. "वर विचारावं लागेल," तो म्हणाला.

"उत्तर कधी येईल?"

त्याने टेबलावरचे कागद उगाच नीट केले.

वरून काहीच आलं नाही. बाईंनी वाट पाहिली, रोज फोन केला. मग वस्तीतली एक मुलगी दगावली. त्या आठवड्याच्या अंकात पहिल्याच पानावर बातमी आली, मंजुरीविना.

वस्तीत लोक पाणी उकळू लागले. पालिकेने नदीकाठचा रस्ता खणून फुटलेली जलवाहिनी बदलली आणि ही नेहमीची दुरुस्ती असल्याचं जाहीर केलं. साप्ताहिकाची नोंदणी रद्द झाली. बाईंना अटक झाली, जामीन मिळाला, तारखा सुरू झाल्या. नर्सची नोकरी टिकली, बातमीदाराला मात्र दुसरं काम शोधावं लागलं. आपण घाई तर केली नाही ना, असं बाईंना कधी वाटायचं. मग ती मुलगी आठवायची आणि वाटायचं, उशीरच केला.

एका दुपारी शेजारच्या गावातल्या संपादकाचा फोन आला. त्याच्याकडे शाळेच्या खचलेल्या छताची बातमी होती.

"तुमचं बघितलं, ताई. आता हिंमत होत नाही. फाडून टाकतो."

बाईंना राग आला, पण कुणाचा ते कळेना. हा तर नाव विचारायच्या आधीच गप्प बसत होता.

"फाडू नका," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी येते. आधी ते छत बघू."