चारशे बारा तिरप्या नोंदी

दोन माणसांचे शब्द एका पानावर नांदत असतील, तर कोणता शब्द कोणाचा हे राखणे, हे त्या पानाला हात लावणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. अर्थ चुकला तर तो पुढे कोणीतरी सुधारतो. पण बोलणाऱ्याची ओळखच पुसली गेली, तर तक्रार करायलाही कोणी उरत नाही. आणि हे कर्तव्य मोडणारा बहुधा दुष्ट नसतो. नीटनेटकेपणाची आवड असलेला, स्वतःच्या जाणतेपणावर प्रसन्न असलेला एखादा गृहस्थच तो असतो. या हकिकतीत तो गृहस्थ मी आहे.

मी मुद्रितशोधक. छापण्यापूर्वीची पाने वाचून त्यांतल्या चुका काढणे, यात माझी चाळीस वर्षे गेली. त्याआधी काही काळ संस्कृत पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्याचे काम मी केले. एखाद्या लेखनिकाने समासातली टीप मूळ मजकुरात मिसळली, की ग्रंथकाराचे कोणते आणि टीपकाराचे कोणते, याचा घोळ शेकडो वर्षे निस्तरत नाही. अशा लेखनिकांना मी भर सभेत यथेच्छ बोल लावले आहेत. ते बिचारे उत्तर द्यायला हजर नव्हते.

आमचे प्रकाशनाचे कार्यालय तीन खोल्यांचे. पुढे छापील पुस्तकांचे गठ्ठे, मध्ये माझे टेबल आणि मागच्या खोलीत खिडकीला पाठ करून ठेवलेला संगणक. त्यावर अक्षरजुळणी करणारी बाई बसते. माझ्या लेकीच्या वयाची, पण सगळे तिला ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. कार्यालयाचा एक नियम आहे आणि तो मीच घालून दिला होता : एका पुस्तकाची एकच फाइल. पूर्वी एकदा दुरुस्त फाइल बाजूला राहून चुकांनी भरलेली जुनी फाइलच छापली गेली होती. तेव्हापासून लेखकाने आणलेल्या फाइलवरच काम करायचे, दुसरी प्रत दिसली की पुसायची. या नियमाचा मला अभिमान होता.

त्या दिवशी आमच्याकडे एका दिवंगत मास्तरांचे पुस्तक आले. निवृत्तीनंतर एकोणीस वर्षे मास्तर रोज पक्ष्यांच्या नोंदी करत होते. शेवटी पुस्तक करायचे ठरले, आणि प्रस्तावना लिहायच्या आधीच ते गेले. त्यांचा मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला. चाळिशीचा, घाईतला माणूस. म्हणाला, "बाबांचं नाव तेवढं ठसठशीत येऊ द्या. बाकी तुम्ही जाणकार आहात, आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

नियमाप्रमाणे पेनड्राइव्हवरचीच फाइल उघडली. तारखेखाली नोंद, नोंदीखाली पुढची तारीख. ताईने मला हाक मारली.

"काका, हे बघा. काही नोंदी सरळ अक्षरात, काही इटॅलिक. आणि त्यात काही क्रम म्हणाल तर तोही नाही."

"उतारवयात मास्तरांना नवं खेळणं सापडलं असेल," मी म्हणालो. "सगळं सरळ करून टाक. तिरपी अक्षरं डोळ्यांना टोचतात."

"त्यांच्या मुलाला विचारून घ्यायचं का?"

"अगं, यात काय विचारायचं? उगाच काथ्याकूट."

ताईने 'शोधा आणि बदला' ही चौकट उघडली. शोधण्याच्या जागी तिने एकही शब्द लिहिला नाही. फक्त 'इटॅलिक' एवढे निवडले. बदलण्याच्या जागीही शब्द नाही. तिथे साधा, सरळ ठसा. शब्द कोणताही असो, तिरपा असला की सरळ करायचा, इतकी ती आज्ञा स्पष्ट होती. तिने कळ दाबली आणि पापणी लवायच्या आत उत्तर आले : चारशे बारा ठिकाणी बदल केला.

मला फार समाधान वाटले. कामांच्या यादीवर मी पहिल्या कलमापुढे लिहिले : 'तिरपे सरळ केले, ४१२.' दुसरे कलम होते : 'पूर्णविरामानंतर कित्येक ठिकाणी दोन मोकळ्या जागा, तिथे एक करणे.' पण ताई म्हणाली, "आता डोळे चुरचुरायला लागले. हे उद्या." तिने फाइल सेव्ह केली, संगणक बंद केला आणि आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. आवाज वृद्ध स्त्रीचा, पण खणखणीत.

"मी मास्तरांची धाकटी बहीण. भाच्याकडून तुमचा नंबर घेतला. एवढंच विचारायचं होतं, माझ्या नोंदी तिरप्या आहेत, त्या तशाच राहतील ना?"

मी विचारले, "आपल्या नोंदी?"

"म्हणजे भाच्यानं सांगितलं नाही वाटतं! बरोबर आहे, त्यालाही धड ठाऊक नसेल. अहो, एकोणीस वर्षांपूर्वी मी जिन्यावरून पडले ती पलंगालाच खिळले. दादा तळ्यावर जायचा, मी खिडकीतून बघायची. संध्याकाळी तो त्याचं टाइप करायचा, मग संगणक माझ्या मांडीवर ठेवायचा आणि मी एका बोटानं माझं. त्याचं सरळ, माझं तिरपं. तोच म्हणाला, तू पलंगावर तिरपी पडलेली असतेस, तुझी अक्षरंही तशीच शोभतील." ती हसली. "प्रस्तावनेत हे सगळं लिहिणार होता. राहूनच गेलं."

"पाहतो, आत्याबाई," मी म्हणालो. खोटे मी बोललो नाही. खरेही बोललो नाही.

फाइल एकदा बंद झाली की केलेला बदल मागे घेता येत नाही, हे ताईने मला सांगितले. दुसरी प्रत नव्हती, कारण नियम माझा होता. मुलाला बोलावले. मास्तरांचा संगणक त्याने सगळे पुसून कोणाला तरी देऊन टाकला होता.

"अहो, पण एवढं काय त्यात?" तो म्हणाला. "आत्याचं नाव आभारात घालू. ठळक घालू. कोणाला कळणार आहे?"

"त्यांना कळेल ना," ताई म्हणाली.

"मग अंदाजानं करा. खिडकी आली की आत्या, तळं आलं की बाबा."

"आणि ज्यात खिडकीही नाही आणि तळंही नाही, ते काय शेजाऱ्यांचं?"

खरे सांगायचे तर मुलाची युक्ती मला क्षणभर पटली होती. शेजेवर पडलेल्या त्या बाईला प्रत्येक नोंद थोडीच आठवणार, असा विचार माझ्या मनात आला, आणि तो मी तिथेच हाकलला असे मला म्हणता येणार नाही. तो विचार बराच वेळ मनात ठाण मांडून होता. मी पोथ्यांतल्या लेखनिकांना नावे ठेवत होतो, तेव्हा त्यांतलाही एखादा माझ्यासारखाच बसला असेल, झालेली चूक झाकायची की सांगायची, याचा विचार करत.

ताईच्या हातात कालची यादी होती. ती दुसऱ्या कलमाकडे टक लावून पाहत होती.

"काका, 'कित्येक ठिकाणी' असं तुम्ही लिहिलंय. सगळीकडे नाही. मग दोन जागा नेमक्या कुठे आहेत?"

मास्तर टाइपरायटरवर शिकले असणार, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. जुन्या वर्गांत पूर्णविरामानंतर मोकळ्या जागेची पट्टी दोनदा दाबायला शिकवत, आणि ती सवय हाताला जन्मभर चिकटत असे. एका बोटाने टाइप करणाऱ्या बहिणीला तो वर्गही माहीत नव्हता आणि ती सवयही नव्हती.

ताईने पुन्हा तीच चौकट उघडली. आता तिने पूर्णविराम आणि दोन मोकळ्या जागा शोधायला सांगितले, आणि सापडतील त्या जागांवर पिवळा रंग चढवायला. पान खाली सरकत गेले. तळ्याकाठच्या बगळ्याच्या नोंदीत पिवळे ठिपके दिसले. खिडकीच्या गजावर बसलेल्या चिमणीच्या नोंदीत एकही नाही. तळ्यावरचा खंड्या पिवळा, समोरच्या गच्चीवरचा धोबी पक्षी कोरा. ताईने तोंडावर हात धरला. दुसरे कलम काल पार पडले असते, तर हा मागही पुसला गेला असता, आणि पुसणारा पुन्हा मीच ठरलो असतो.

दोन दिवस ती एकेक नोंद पाहून, कोऱ्या नोंदी पुन्हा तिरप्या करत बसली. तीनशे एकाहत्तर सापडल्या. चारशे बारा व्हायला एकेचाळीस हव्या होत्या, आणि त्या एकाच वाक्याच्या नोंदींत असणार हे उघड होते. वाक्यच एक, मग पुढे जागा सोडायचा प्रश्नच कुठे येतो? अशा एका वाक्याच्या नोंदी शहाण्णव होत्या. त्यांतल्या एकेचाळीस तिच्या. कोणत्या, ते संगणकाला ठाऊक नव्हते.

त्या शहाण्णव नोंदी कागदावर छापून घेतल्या आणि मी मुलाबरोबर त्याच्या घरी गेलो. जिन्याचा कठडा गुळगुळीत झालेला. वरच्या खोलीत खिडकीला खेटून पलंग, उशाशी दुर्बीण, पायाशी घडी घातलेली शाल. आत्याबाई उशीला टेकून खरोखरच तिरप्या बसल्या होत्या.

मी जे घडले ते सांगितले. कळ कोणी दाबली हे त्यांनी विचारले नाही. पण मी आपणहून सांगितले की हात ताईचा असला तरी आज्ञा माझी होती, आणि तिने विचारू या म्हटले तेव्हा नको म्हणणाराही मीच.

त्यांनी उशाची दुर्बीण बाजूला सरकवली.

"तुम्हाला ते वाकडं वाटलं, होय?" त्या म्हणाल्या.

"होय."

"बरं केलंत सांगितलंत. पण मला राग आलाय, आणि तो काही आज जायचा नाही. आणा ते कागद."

त्यांनी चष्मा लावला आणि पेन्सिल घेतली. "ही माझी. घारीनं शेजारणीचा रुमाल पळवला होता, ते दादाला मी सांगितलं तर विश्वास ठेवीना. ही त्याची, चिखल मला कुठून दिसणार? ही माझी. ही त्याची." असे करत बत्तीस नोंदी त्यांनी आपल्या म्हणून ओळखल्या. एकेचाळीस भावाच्या म्हणून ओळखल्या. तेवीस उरल्या, आणि त्यांतल्या नऊ त्यांच्या असल्याच पाहिजेत, हे गणित भाच्याने मनात केले.

"आत्या, मग यातल्या कुठल्याही नऊ घे की. तुझ्याच आहेत हिशेबानं."

"वा रे वा! आणि त्यातली एखादी तुझ्या बाबाची निघाली तर? मेलेल्या माणसाच्या तोंडचा घास काढायला लावतोस होय रे मला?"

तो ओशाळला. "तसं नव्हतं म्हणायचं."

"मला ठाऊक आहे कसं म्हणायचं होतं ते. तू लहानपणापासून असाच, गणित बरोबर आणि उत्तर चूक."

मग त्यांनी पेन्सिलीचे टोक एका नोंदीवर ठेवले आणि कागद माझ्याकडे केला. थंडीतली तारीख होती, आणि खाली एवढेच : 'आज कोणीच आले नाही.'

"हे किती वेळा वाचलं मी," त्या म्हणाल्या. "हे मी लिहिलं असेल. असे दिवस मला पुष्कळ आले. पण हे त्यानं लिहिलं असेल, तर मग तो त्या थंडीत तळ्यावर वाट बघत बसला होता, आणि घरी येऊन माझ्याशी एका शब्दानं बोलला नाही. मी इतकी वर्षं समजत होते, एकटी मीच आहे." त्यांनी चष्मा काढला. "अक्षर तिरपं असतं, तर मला आत्ता कळलं असतं."

भाचा पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने शाल त्यांच्या पायांवर ओढली.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आता दोन नावे आहेत, भावाचे सरळ आणि बहिणीचे तिरपे. हे त्या मुलानेच सुचवले. त्या तेवीस नोंदींपुढे एकेक लहान चांदणी आहे. प्रस्तावनेची जागा मास्तरांसाठी कोरी ठेवली आणि तिच्या मागच्या पानावर मी माझे निवेदन छापले : 'चांदणीच्या नोंदींपैकी नऊ बहिणीच्या आणि चौदा भावाच्या आहेत. कोणत्या कोणाच्या, हे माझ्या अविचारामुळे आता कोणालाही सांगता येणार नाही.' आत्याबाईंनी ते वाचून 'अविचार' या शब्दाखाली रेघ ओढून परत पाठवले. बदल काहीच सुचवला नव्हता. कार्यालयात आता प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती ठेवतात. तो नियम ताईने केला आणि मी त्यावर सही केली.

त्यांचा राग गेला की नाही, मी विचारलेले नाही. विचारण्याचा अधिकार माझा नव्हे.

तळ्याकाठी वाट पाहून गेलेल्या भावाला शांती लाभो. खिडकीत वाट पाहणाऱ्या बहिणीच्या गजावर रोज कोणीतरी येऊन बसो. तिच्या भाच्याचे पाऊल त्या जिन्यावर वारंवार वाजो. थांबून विचारू पाहणाऱ्या ताईची दृष्टी निर्मळ राहो, आणि ती विचारील तेव्हा तिला ऐकणारा मिळो.