दुसऱ्या पेटंटचा दिवा

छोटीचे केस वाढत नाहीत हे ताईच्या लक्षात यायला उशीरच झाला. खरं तर केस कापणं हाच ताईचा धंदा. घराच्या खालच्या मजल्यावर तिचं दुकान होतं: दोन खुर्च्या, एक लांबट आरसा आणि मनाला येईल तेव्हा गरम पाणी देणारा नळ. गल्लीतली निम्मी डोकी तिच्या हातून गेलेली. पण दिवसभर परक्यांच्या डोक्यात लक्ष घातल्यावर घरच्या डोक्याकडे कोण बघतं?

त्या रविवारी दुकान बंद होतं. ताईने धाकट्या बहिणीला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं आणि म्हणाली, "बघू, किती झिपऱ्या झाल्यात ते."

झिपऱ्या झाल्याच नव्हत्या. मागच्या खेपेला ताईने मानेवर जी रेघ धरली होती, ती तशीच्या तशी होती, आत्ता कात्री फिरवल्यासारखी. आणि मागची खेप म्हणजे आई जायच्या आधीची. तेव्हा दोघी स्वेटर घालून होत्या. आता पंख्याशिवाय दुकानात बसवत नव्हतं.

"दुसरीकडे कुठे कापून आलीस का गं?"

"वेडी आहेस का? घरचं दुकान सोडून?"

ताईने तिचा हात हातात घेतला. नखं आखूड, सारखी. मनगटावर इस्त्रीचा चटका, लालबुंद, वर पाण्याने टम्म फुगलेला फोड.

"हा कधी भाजला?"

"अगं, तेव्हाच नाही का? नव्या कामाच्या पहिल्या दिवशी. घाईघाईत इस्त्री करत होते."

"इतके महिने झाले? दुखत नाही?"

"नाही." छोटी आरशात बघून हसली. "झालं का? आई वर जेवायची थांबली असेल."

ताईची कात्री हातातच राहिली. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आई गेली ना गं," ती हळूच म्हणाली.

"हो, माहितीये मला." छोटीच्या आवाजात काही हललं नाही. "पण थांबली असेल ना."

आई गेली तेव्हा छोटी रडली नव्हती. आठवडा उलटायच्या आत तिने दिव्यांच्या वखारीत नोकरी धरली. पोरीने धीर धरला, असं सगळे म्हणाले, आणि ताईलाही ते पटलं होतं, कारण तेव्हा तिचं स्वतःचंच रडं आवरत नव्हतं.

वखार शेवटच्या बसथांब्याच्या पुढे होती. तिथल्या मालकाने एक दिवा शोधून काढला होता आणि त्याचं पेटंट घेतलं होतं. डोळ्यांना जेमतेम जाणवेल अशा लयीत लुकलुकणारा निळसर जांभळा उजेड. त्याखाली ठेवलेलं फळ पिकत नसे आणि सडतही नसे. भाजीला मरगळ येत नसे, कळी उमलत नसे. सगळीकडचे व्यापारी आपला माल तिथे ठेवायला रांग लावत. उजेड चारी बाजूंनी लागावा म्हणून आतल्या दालनात खोकी फिरवत राहावी लागत. हे काम बायका आळीपाळीने करत, पण छोटीने हळूहळू सगळ्यांच्या पाळ्या आपल्याकडे घेतल्या. आत बरं वाटतं, असं ती सांगायची.

दुसऱ्या दिवशी ताईने तिला कामावर जाऊ दिलं नाही. छोटीने वाद घातला नाही. खिडकीपाशी खुर्ची ओढून ती बसून राहिली. ताई चहा टाकायला ओट्याकडे वळली. तिथे फळीवर एका परातीत टोमॅटो होते, छोटीनेच वखारीतून कधीतरी आणलेले. अनेक दिवस ते तसेच टवटवीत होते आणि ताईला त्याचं कौतुक वाटायचं. आज ती बघत असतानाच त्यातल्या एकाच्या सालीवर सुरकुती पडली. मग शेजारच्याच्या. चहाला उकळी येईपर्यंत सगळी परात खचली होती. साली काळ्या पडून फाटल्या, पांढरी बुरशी अंगावर शहारा यावा तशी सरसरत पसरली आणि रस फळीवरून ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर ठिबकू लागला.

ताईने गॅस बंद केला. खिडकीपाशी बसलेल्या बहिणीकडे तिने बघितलं. मानेवरची ती सरळ रेघ, तो ताजा फोड. इतके महिने थांबलेलं हिचंही असंच एकदम सुटलं तर?

"ऊठ," ती म्हणाली. "चप्पल घाल. चल लवकर."

"कुठे?"

"कामावर."

बस येईना तेव्हा तिने रिक्षा केली. वाटभर ती छोटीचं मनगट धरून बसली होती, वरचा फोड चुकवून.

वखारीत शिरल्याबरोबर ताईला काहीतरी खटकलं, पण काय ते कळायला थोडा वेळ गेला. छतापर्यंत फळं आणि भाज्या रचलेल्या होत्या आणि कसलाही वास नव्हता. ना सफरचंदांचा, ना ओल्या कोथिंबिरीचा, ना साध्या मातीचा. छोटीने काचेचं दार ढकललं आणि ती आतल्या जांभळ्या उजेडात निघून गेली. काचेच्या अलीकडे एक टेबल होतं. तिथे एक वाकलेली म्हातारी स्वेटर विणत बसली होती. सगळे तिला आजी म्हणत. टेबलामागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत दोन पेटंटं लावलेली होती.

काचेतली लहानशी खिडकी सरकली आणि मालकाचा चेहरा दिसला. पस्तिशीचा वाटणारा माणूस, काळेभोर केस. कामगार त्याला काका म्हणत, ते वयाला शोभत नव्हतं.

"तुम्ही केस कापणाऱ्या ताई ना?" तो म्हणाला. "माझे कापायला घेतलेत तर दुकानाचं दिवाळं निघेल."

तो हसला. ताईने बघितलं, म्हातारीचे ओठ त्याच्या बरोबरीने हलत होते. प्रत्येक शब्द तिला पाठ होता.

"माझ्या बहिणीचं काय केलंत तुम्ही?" ताईने विचारलं.

"मी? पेटंटात माणसाबद्दल एक अक्षर नाही. फळं, भाज्या, कापलेली फुलं, रोपं. बस." तो म्हातारीकडे वळला. "बबडे, यांना पाणी दे. उन्हातून आल्यात." आणि खिडकी सरकवून तो परत खोक्यांकडे गेला.

"बबडी?" ताईच्या तोंडून निघून गेलं.

"थोरला भाऊ आहे माझा," आजी म्हणाली. तिने सुया खाली ठेवल्या. "सगळ्यांना वाटतं मी त्याची आई. तेच सोपं पडतं, म्हणून मी खोडत नाही. तरुणपणी तो आजारी पडला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्ष निघणार नाही. हा दिव्याच्या नादात होता. रात्रंदिवस इथेच, पीचच्या फळांशेजारी. वर्ष निघालं. मग आणखी एक निघालं. त्याचं दुखणं जिथल्या तिथे थांबलं. बाकीचंही सगळं थांबलं. थांबला त्या दिवशी सुचलेला विनोद आहे तो, डोक्यावरच्या केसांचा. न्हावी दिसो की शिंपी, थोडा बदलून तोच सांगतो."

"आणि बाहेर आले तर?"

"इथून नेलेला माल बघितलात ना तुम्ही घरी?"

ताईच्या डोळ्यांपुढे ती परात आली.

"तुमची बहीण किती दिवस आत आहे मला माहितीये," आजी म्हणाली. "पहिल्या दिवशीच मी तिला म्हटलं होतं, बाई, पाळी संपली की बाहेर निघत जा. पण ज्याला थांबायचंच असतं, त्याला काय सांगणार?"

ती उठली. कोपऱ्यातल्या कपाटातून तिने जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. पितळी बुडाचा एक दिवा.

"हे दुसरं पेटंट. मी फार भांडायचे तेव्हा माझ्यासाठी केलं त्याने. थांबलेलं हळूहळू सोडवायचं, एकदम नाही. कागदपत्रं, हरकती, उत्तरं, सगळं करून मंजूर झालं. पण माल हळूहळू खराब करायला पैसे कोण मोजणार? पहिल्याला रांग, दुसऱ्याला कुत्रं विचारत नाही."

"माणसावर चालतो?"

"फळांवर चालतो. माणसावर कोणी लावलाच नाही." तिने काचेकडे बघितलं. "त्याला मी किती विनवलं. तो म्हणतो, उद्या."

मग तिने ताईला समजावून सांगितलं: आधी थोडा वेळ, मग रोज थोडा जास्त, आणि त्याच मानाने वखारीत येणं कमी करायचं. "जे येईल ते येऊ द्या," ती म्हणाली. "मध्येच घाबरून बंद करू नका."

ताईने दिवा दुकानात लावला. दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा ती शटर अर्धं ओढायची, छोटीला खुर्चीत बसवायची आणि तांबूस उजेड तिच्यावर सोडायची. छोटी मुकाट बसायची. पहिले काही दिवस काहीच घडलं नाही. मग एके दिवशी तिने नाक मुरडलं. "ताई, कसला उग्र वास आहे गं तुझ्या शाम्पूला. कशी राहतेस तू यात?" ताईला इतका आनंद झाला की ती बाटलीच बदलून आली.

त्यानंतर चटका दुखायला लागला. छोटी मनगट पाण्याखाली धरून दात आवळायची. मग नखं, मग केस. सकाळी कापलेले केस दुसऱ्या दुपारी खांद्यावर यायचे आणि त्यात पांढऱ्या तारा दिसायच्या. जमिनीवर पडलेले पुंजके ताई गिऱ्हाईक यायच्या आत झाडून घ्यायची. रात्री छोटी इतकं जेवायची की ताई आपलं ताट तिच्यापुढे सारायची, आणि जेवता जेवताच तिचे डोळे मिटायचे. ताई घाबरायची. पण आजीचं बोलणं आठवून तिने दिव्याला हात लावला नाही.

एके दुपारी आरशात बघत छोटी म्हणाली, "शेवटी आई काय म्हणाली गं? मी बाहेर होते. औषध आणायला गेले होते."

"तुझंच विचारत होती. मी म्हटलं, येतेय, जिन्यात आहे."

"मी होते जिन्यात?"

"नव्हतीस. पण तिला बरं वाटलं."

छोटीने आरशातून नजर काढली. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ताईने आधी कधी ऐकला नव्हता. गळ्याभोवतीच्या कापडात तोंड खुपसून ती रडत राहिली. दारात आलेली एक बाई शटरखालून वाकून बघून न बोलता परत गेली. हे बरेच दिवस चाललं. मधून मधून ती ताईवर उखडायची. "कशाला आणलास हा दिवा? मला तिथे बरं होतं. कोणी सांगितलं होतं तुला?" ताई ऐकून घ्यायची. खरं सांगायचं तर काही दुपारी तिलाही वाटायचं की आपण बहिणीला विचारायला हवं होतं.

छोटी वखारीत जायची पूर्ण थांबली, फोडाचा डाग पुसट झाला, तेव्हा ताई दिवा परत करायला एकटीच गेली. आजीची खुर्ची रिकामी होती. विणकाम टेबलावर होतं, त्यावर धूळ.

काचेतली खिडकी सरकली. "तुम्ही केस कापणाऱ्या ताई ना? माझे कापायला घेतलेत तर…"

"आजी कुठे आहेत?" ताईने मध्येच विचारलं.

"बबडी? जेवायला गेलीय. येईल आत्ता."

ताई बाहेर गाडीत माल चढवणाऱ्यांकडे गेली. त्यांच्यातल्या एकाने डोक्यावरचं खोकं खाली ठेवलं. "कधीच वारल्या त्या, ताई. आम्हीच सगळं केलं. काकांना बाहेर येता येईना."

ती परत आत आली. दिवा खिडकीतून आत सारून ती म्हणाली, "काका, तुमची बहीण गेली."

"हो, माहितीये." त्याने दिव्यावरची चादर हळूच बाजूला केली. "पण येईल ना."

ताईला निघून जाता आलं असतं. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. पण तिचा पाय उचलेना.

"हा तुमच्या बहिणीवर लावलात?" त्याने विचारलं. "काय झालं तिला?"

"रडली."

"खूप?"

"खूप."

"मग?"

"मग जेवली."

त्याने दिव्याच्या पितळी बुडावरून हात फिरवला. "मला जेवण्यापर्यंत पोचता येणार नाही," तो म्हणाला. तो पहिल्यांदाच स्वतःबद्दल, विनोद न करता बोलत होता. मग त्याने आतल्या जांभळ्या दिव्यांची एक ओळ बंद केली आणि हा दिवा जोडला. "बसता का जरा?"

ताई स्टूल ओढून काचेजवळ बसली. तांबूस उजेडात त्याचा चेहरा आधी तसाच राहिला. दिवेलागणीच्या सुमारास त्याने विचारलं, "तिला त्रास झाला का?" ताईला माहीत नव्हतं. तिने तसंच सांगितलं. मग तो खोक्यांना टेकून खाली बसला आणि बबडी लहानपणी कशी होती ते सांगायला लागला, आणि सांगता सांगता रडू लागला.

त्यानंतर जमेल तशी ती जात राहिली. छोटीही सोबत यायची. काकांचे केस पिकले, मग दुखणं वर आलं, आणि थंडी सुरू व्हायच्या आत ते गेले. शेवटी दोघी त्यांच्याजवळ होत्या.

पहिल्या पेटंटचे सगळे दिवे एका मोठ्या कंपनीने विकत घेतले. माणसं आली, दिवे उतरवून घेऊन गेली. पितळी बुडाचा दिवा आपल्याला दिलेला आहे, असं ताईने सांगितलं. त्यातला एक जण हसून म्हणाला, ठेवा की, त्याचा कोणाला काय उपयोग?

आता शहराच्या पलीकडे त्यांची नवी वखार आहे, जुनीच्या कितीतरी पट मोठी. खोकी फिरवायला बायका आणि पुरुष तिन्ही पाळ्यांत लागतात. छोटी कधी कधी पाळी सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभी राहते आणि बाहेर पडणाऱ्यांशी बोलते. बहुतेक जण हसून पुढे जातात. परवा मात्र एक बाई तिथे कामाला असलेल्या नवऱ्याला घेऊन दुकानात आली. तो शांतपणे खुर्चीत बसला. मूल शाळेतून यायची वेळ झाली, असं त्याने सांगितलं. बायकोने तोंड फिरवलं. ताईने शटर अर्ध्यावर ओढलं आणि छोटीने दिव्याचं बटण दाबलं.